सांधे दुखत असताना जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? निपाणीहून आलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

निपाणीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५४ असून सहा वर्षांपासून त्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, ज्याला आपल्या भागात आमवात म्हणतात. दोन्ही हातांची बोटे आणि डावा गुडघा यांचा त्रास सर्वांत जास्त आहे. औषधांमुळे बरेचसे दिवस चांगले जातात, मात्र मधूनच आठ-दहा दिवस सांधे सुजतात. बेळगावात कॉलेजला असल्यापासून आपली एक स्पोर्ट्स कार असावी अशी त्यांची इच्छा आहे आणि आता त्यासाठी पैसे साठले आहेत. दोन गाड्या त्यांच्या नजरेत आहेत. एक कोल्हापुरातील २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४, दोन आसनांची, छत उघडणारी, ऑटोमॅटिक. दुसरी हुबळीतील २०१२ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, पाच आसनांची, क्लच दाबून हाताने गिअर बदलायची. घरच्यांचे म्हणणे असे की, या दुखण्यात उंच एसयूव्ही घ्यावी. यांपैकी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर देण्याआधी माझी ओळख सांगणे आवश्यक आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग भागात एकतीस वर्षे गॅरेज चालवतो आणि गेली पंधरा वर्षे जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांना ती तपासून देतो. आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची झीज सुरू झाली, तेव्हापासून गाडी तपासताना मी इंजिनाइतकेच लक्ष दाराच्या कडीकडे, हँडब्रेककडे आणि सीटच्या खटक्याकडे देतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांविषयी आणि सांध्यांच्या अवस्थेविषयी जे काही लिहीन ते आपण आपल्या संधिवाततज्ज्ञांकडून पडताळून घ्यावे.

आपण विचारले आहे की, ही गाडी मला चालवता येईल का. माझ्या अनुभवात हा प्रश्न क्वचितच खरा अडसर ठरतो. चालवणे म्हणजे बसलेल्या जागी हातपाय हलवणे. ते बहुतेकांना जमते आणि न जमले तर त्यावर उपायही असतात. अडचण येते ती गाडीत शिरताना, त्याहून अधिक गाडीतून बाहेर येताना आणि सर्वांत जास्त गाडी रस्त्यात बंद पडली तर. शिवाय गाडी बघायला आपण नेहमी बऱ्या दिवशीच जातो. सांधे सुजलेले असताना कोणी कोल्हापूरला गाडी बघायला जात नाही. त्यामुळे पसंती ठरते चांगल्या संध्याकाळी, आणि वापर मात्र सगळ्या दिवसांत करावा लागतो.

शहापूरचे माझे एक ग्राहक, बँकेतून निवृत्त झालेले, यांनी अशाच एका बऱ्या संध्याकाळी दोन दारांची एक बुटकी गाडी घेतली. तीन महिने हौसेने चालवली. पावसाळा आला, गुडघे आखडले, आणि एकदा बाजारात गाडीतून उतरताना त्यांना दोघांनी धरून उठवावे लागले. त्यानंतर त्यांनी ती गाडी बाहेर काढली नाही. दीड वर्षाने मी पाहिली तेव्हा बॅटरी मेलेली होती, टायर एका बाजूने चपटे झाले होते आणि ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर होता. गाडीत काहीही दोष नव्हता. घेताना एक साधे माप घेतले असते तर हे टळले असते, म्हणून त्या मापाविषयी मी सविस्तर लिहितो.

घरात बसायचे लाकडी पाट असतील तर तीन-चार पाट एकावर एक ठेवावेत, नसतील तर जाड पुस्तकांवर फळी ठेवावी. भिंतीजवळ, न सरकणाऱ्या जागी, आणि शेजारी घरातले कोणीतरी उभे असताना त्यावर बसावे व हाताचा आधार न घेता उठून पाहावे. हे सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात करावे, कारण आपल्या प्रकारच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिकही टिकतो, उलट माझ्यासारख्या झिजेच्या संधिवातात तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. उठता आले तर एक पाट कमी करावा. ज्या उंचीवरून कष्टाने का होईना पण एकट्याने उठता येते, ती उंची टेपने मोजून लिहून ठेवावी. असे चार-पाच सकाळी करावे आणि त्यातला एक तरी दिवस त्रासाचा असावा. सूज फार असेल त्या दिवशी मात्र हा प्रयोग करू नये. त्या दिवशी साध्या खुर्चीतून उठायला किती कष्ट पडतात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. स्पोर्ट्स कारची बैठक त्याहून बरीच खाली असते आणि आपण बसल्यावर फोम दबून ती आणखी खाली जाते. त्यामुळे गाडीपाशी गेल्यावर कोणालातरी सीटवर बसवून, दबलेल्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजावी. पाटांचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा दाराच्या चौकटीत होतो. सीट आणि दाराखालची कड यांच्यात किती अंतर आहे ते पाहावे. बुटक्या गाड्यांमध्ये ही कड रुंद असते आणि डावा-उजवा पाय एकामागून एक तिच्यावरून उचलून आत घ्यावा लागतो, त्या वेळी शरीराचा सगळा भार एकाच गुडघ्यावर असतो. दुसरी गोष्ट दाराची लांबी. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते, ते पुरते उघडल्याशिवाय पाय सरळ बाहेर काढता येत नाही आणि त्यासाठी बाजूला जवळपास मीटरभर मोकळी जागा लागते. निपाणीच्या किंवा चिकोडीच्या बाजारपेठेत, बेळगावच्या खडे बाजारात किंवा आपल्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती मिळते का, हे आपणच मोजून पाहावे. मी पाहिलेल्या दोन गाड्या केवळ शेडच्या खांबामुळे परत विकाव्या लागल्या.

झेड४ च्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तिचे छत पत्र्याचे असून घडी होऊन डिकीत जाते. सुमारे वीस सेकंदांत ते उघडते. छत उघडलेले असताना मान आणि पाठ वाकवावी लागत नाही, माणूस जवळजवळ उभ्यानेच आत येऊन खाली बसू शकतो. मात्र त्याच वेळी डोक्यावरची चौकट नसल्याने धरायला पुढच्या काचेचा खांब तेवढा उरतो. बोटे दुखत असतील तर तो खांब पकडता येतो का, हे पाहिल्याशिवाय छताच्या सोयीवर विसंबू नये. आणि आपल्याकडे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हे छत उघडण्याची संधी फारशी मिळत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात तर पावसाळ्यात दिवसदिवस उघडीप नसते. म्हणून उतरण्याची परीक्षा छत बंद ठेवूनच घ्यावी.

उतरण्याची एक रीत मी सगळ्यांना शिकवतो. आधी सीट पूर्ण मागे सरकवावी. मग गुडघे जवळ ठेवून सबंध शरीर दाराकडे वळवावे, दोन्ही पाय एकदम बाहेर जमिनीवर टेकवावेत आणि तळहात सीटच्या कडेवर दाबून उठावे. बोटांनी स्टिअरिंगला लटकून उठू नये. त्यात मनगट आणि बोटांचे सांधे दोन्ही दुखावतात. सीट कापडी असेल तर वळताना अंग अडकते, त्यासाठी गुळगुळीत कापडाची घडी सीटवर ठेवली तरी वळणे पुष्कळ सोपे होते. चालवण्याआधी ती काढून ठेवावी, नाहीतर ब्रेक लावताना शरीर पुढे घसरते.

आता डाव्या गुडघ्याकडे येतो, कारण लॉराचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. लॉरा व्हीआरएस २०११ मध्ये आपल्याकडे आली, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती आणि सहा गिअर. बैठक साध्या सेडानच्या उंचीची, दारे चार, डिकी मोठी. शिरण्या-उतरण्याच्या दृष्टीने ती झेड४ हून कितीतरी सोपी आहे. परंतु तिला क्लच आहे. मोकळ्या महामार्गावर क्लच फारसा दाबावा लागत नाही, पण बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक उघडल्यावर जी रांग मुंगीच्या पावलाने सरकते तिथे पाच मिनिटांत तीस-चाळीस वेळा डावा गुडघा वाकवून ताणावा लागतो. गळीत हंगामात संकेश्वर-चिकोडी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर तीच गत होते.

तरीही जुन्या गाडीचा क्लच जड लागला म्हणून लगेच ती नाकारू नये. क्लचची प्लेट झिजत जाते तसे पेडल जड होत जाते, त्यामुळे पायाला लागणारा जडपणा कित्येकदा गाडीच्या जातीचा नसून झिजेचा असतो. माझ्याकडे स्वतःची २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १५० अश्वशक्तीची, पाच गिअरची. ती घेतली तेव्हा क्लच इतका जड होता की पत्नीने चालवायला नकार दिला. प्रेशर प्लेटसह पूर्ण संच बदलल्यावर पेडल निम्मे हलके झाले. पण माझे गुडघे धड आहेत आणि माझे दुखणे अंगठ्यात आहे, म्हणून मला ती चालते. गिअरच्या दांड्यावर मोठा गोल गोळा बसवला आणि मुठीऐवजी तळहाताने ढकलायची सवय लावली, एवढ्यावर भागले. आपले दुखणे नेमके डाव्या गुडघ्यात आहे. आज तो बरा असला तरी सुजेच्या आठवड्यात लॉरा आपल्याला दारात उभी ठेवावी लागेल. महिन्यातून काही दिवस गाडी उभी राहिली तर चालणार असेल, घरात दुसरी गाडी असेल, तर हा विचार करता येतो. ती एकच गाडी असणार असेल तर मी लॉरा घेऊ देणार नाही.

हातांविषयी थोडक्यात. स्टिअरिंगचे कडे बारीक असेल तर बोटे अधिक आवळावी लागतात. जाड चामड्याचे कव्हर हाताने शिवून बसवले की पकड सैल ठेवूनही कडे घसरत नाही. बाजारातले सरकवून चढवायचे सैल कव्हर घेऊ नये. आधीच्या मालकाने हौसेने छोटे स्टिअरिंग बसवले असेल तर मूळचे बसवून घ्यावे, कारण व्यास कमी झाला की जोर जास्त लागतो. रुंद टायर आणि कमी हवा यांनीही स्टिअरिंग जड होते. झेड४ ला हँडब्रेकऐवजी बटण आहे आणि इंजिनही बटणाने सुरू होते, ही बोटांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. लॉराचा हँडब्रेक ओढताना अंगठ्याने खटका दाबावा लागतो. तो आपण दहा वेळा ओढून पाहावा.

मानेविषयी मात्र थोडक्यात लिहून चालणार नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात काही जणांच्या मानेच्या अगदी वरच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो आणि बाहेरून ते लक्षात येतेच असे नाही. कडक सस्पेन्शनची गाडी, आपले रस्ते आणि गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले उंच गतिरोधक यांचा विचार करता, गाडी ठरवण्याआधी आपण डॉक्टरांना सरळ विचारावे की माझी मान तपासायला हवी का आणि मला धक्के सोसतील का. त्याच भेटीत वेदनाशामक औषधांपैकी कोणत्या गोळीने झापड येते आणि ती घेतल्यावर किती वेळ स्टिअरिंगवर बसू नये, हेही विचारून घ्यावे. मान वळत नसेल तर छतवाल्या दोन आसनी गाडीत मागच्या कोपऱ्यातले काहीच दिसत नाही. बाजूच्या आरशांवर रुंद दृष्टीचे छोटे आरसे आणि मागे कॅमेरा लावल्याशिवाय अशी गाडी महामार्गावर नेऊ नये. बुटक्या गाडीतून ट्रॉलीच्या पुढचे दिसत नाही आणि रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ही गोष्ट आपण निपाणीकर असल्याने मी वेगळी सांगायला नको.

गाडीचा कडकपणा तीन ठिकाणांहून येतो आणि ती तिन्ही वेगळी करून पाहता येतात. एक, मूळची घडण. ती बदलत नाही. दोन, म्हातारपण, शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळून गेलेले असते, रबरी बुश दगडासारखे झालेले असतात, आणि मग प्रत्येक खड्डा सरळ कमरेत बसतो. हे बदलता येते आणि बदलल्यावर गाडी ओळखू येत नाही इतकी मऊ होते. तीन, टायर. झेड४ ला कारखान्यातून रनफ्लॅट टायर येत, म्हणजे पंक्चर झाल्यावरही कडेच्या जाडीवर ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. या जाड कडांमुळे ते कडक असतात, त्यामुळे सांधेदुखी असणाऱ्याला मी एरवी साधे टायर सुचवले असते. पण या गाडीत स्टेपनी नसते, आणि असती तरी सुमारे १२० न्यूटन-मीटरने आवळलेले चाकाचे बोल्ट सुजलेल्या हातांनी सोडवणे आपल्याला शक्य नाही. तवंदी घाटात रात्री एकटे असाल तर कडक टायर हाच आपला मदतनीस आहे. नेहमी कोणी सोबत असेल आणि गाडी निपाणी-कोल्हापूर-बेळगाव याच पट्ट्यात फिरणार असेल तर साधे मऊ टायर लावून हवेचा पंप आणि पंक्चरचे द्रव्य डिकीत ठेवावे. एकटे दूर जाणार असाल तर रनफ्लॅट राहू द्यावेत. याचे एकच बरोबर उत्तर नाही. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही उठावदार दिसली तरी फार जुने टायर कडक पडलेले असतात हे तिथून कळते.

टायरचे जे सांगितले तेच जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रत्येक बिघाडाला लागू आहे आणि मला आपल्याला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. निरोगी माणसाला जुन्या गाडीचा बिघाड हा पैशांचा प्रश्न असतो. आपल्याला तो आधी हातांचा आणि गुडघ्यांचा प्रश्न आहे. छत अर्ध्यावर अडकले आणि आभाळ भरून आले तर ते हाताने बंद करायला ताकद लागते. गाडी बंद पडली तर ढकलावी लागते. बॉनेट उचलून धरावे लागते. म्हणून बिघडू शकणारे भाग बिघडण्याआधी बदलण्याची तयारी असेल तरच ही गाडी घ्यावी. गाडीच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, असे मी एरवीही सांगतो. आपल्याला मी सांगेन की ती रक्कम पहिल्या दोन महिन्यांतच खर्च करा. झेड४ मध्ये ३०६ अश्वशक्तीचे तीन लिटरचे जुळ्या टर्बोचे इंजिन असेल तर विजेवर चालणारा पाण्याचा पंप, इंधनाचा उच्चदाब पंप आणि छताचा हायड्रॉलिक पंप यांची कागदपत्रे मागावीत. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. तिच्या सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक पेटीतले (हिला क्लचचे पेडल नसते) तेल कधी बदलले हेही विचारावे. गाडी अजिबात झटका न देता मुंगीच्या गतीने पुढे सरकली पाहिजे. लॉराच्या इंजिनात टायमिंग चेनचा ताण देणारा भाग आणि हजार किलोमीटरमागे किती तेल जळते, या दोन गोष्टी विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या भागाचा एक फायदा आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथे लेथ, मिलिंग आणि फौंड्रीची कामे करणारे कुशल लोक आहेत. एखादी पिन, बुश किंवा ब्रॅकेट मिळत नसेल तर मापावरून करून मिळतो, आणि सीटच्या बाजूला धरून उठण्यासाठी मूठ किंवा दाराच्या कडीत अडकवायचा आधार असे आपल्या हाताच्या मापाचे काहीही बनवता येते. खानापूरच्या एका शिक्षिकेसाठी, त्यांनाही आपल्यासारखाच आजार आहे, आम्ही सीटचा बसलेला फोम काढून अधिक घट्ट फोम भरला. तेवढ्याने बैठक दोन बोटे वर आली आणि त्यांचा उतरण्याचा प्रश्न सुटला. सीटच्या रुळाखाली मात्र मनाने ठोकळे घालून उंची वाढवू नये, अपघातात सीट उखडण्याचा धोका असतो. इलेक्ट्रॉनिक भागांना लेथचा उपयोग नाही, ते पुण्याहून किंवा बंगळूरहून मागवावे लागतात आणि तोवर गाडी उभी राहते. पेडल किंवा हाताने चालवायच्या ब्रेकसारखा मोठा बदल करायचा झाला तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी, अन्यथा विमा कंपनी हात वर करते.

कागदपत्रांत सीमाभागातला माणूस नेहमी फसतो, म्हणून हा भाग आधी तपासावा. हुबळीची गाडी कर्नाटकातलीच असल्याने तिला फॉर्म २९ आणि ३० भरून मालकीबदल पुरतो. कोल्हापूरच्या एमएच-०९ गाडीला तिथल्या कार्यालयाची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८, घ्यावी लागेल आणि ती निपाणीत बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असल्याने चिकोडीत केए-२३ खाली नव्याने नोंदवावी लागेल. कर्नाटकाचा आजीवन कर देशात जास्त समजला जातो. वीस लाखांवरच्या मोटारीला तो १८ टक्के आहे आणि त्याचा हिशेब आपण दिलेल्या जुन्या किमतीवर होत नाही, तर मूळ किमतीवरून वयानुसार सूट देऊन होतो. नवी असताना साठ लाखांच्या घरातली गाडी आज स्वस्तात मिळत असली तरी हा आकडा डोळे दिपवतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा काही भाग परत मिळतो, पण त्याला वेळ लागतो. शिवाय २०११ च्या गाडीची पंधरा वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या साध्या मोटारीच्या पहिल्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीचे ४०,००० रुपये झाले आहे, आणि झेड४ आपल्याकडे आयात होऊनच आली. चिकोडीच्या कार्यालयात चेसिस क्रमांक देऊन कराचा आकडा लेखी काढून घ्यावा आणि मगच कोल्हापूरच्या मालकाशी किंमत बोलावी.

एसयूव्हीबद्दल आपल्या घरच्यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, पण उंच गाडीत चढतानाही डाव्या गुडघ्यावर भार येतो आणि उतरताना उंचावरून पाय टाकावा लागतो. गुडघेदुखीला कमरेच्या उंचीची बैठक सर्वांत सुखाची. खूप खाली नको आणि खूप वरही नको. म्हणून या दोन्ही गाड्या पाटांच्या मापात बसल्या नाहीत तर आणखी दोन नावे आपण डोक्यात ठेवावीत. २०१३ पासून आलेली पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, सात गिअरची ऑटोमॅटिक. आणि अंदाजपत्रक वाढवता आले तर २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, २३० अश्वशक्ती, तीही ऑटोमॅटिकच. दोन्हींत माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. पोलोच्या ऑटोमॅटिक गिअरपेटीची (तिचे क्लच तेलात न बुडणारे, कोरडे असतात) तपासणी जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गोव्यात बनलेल्या फायबरच्या सॅन स्टॉर्म या छोट्या स्पोर्ट्स कारबद्दल सीमाभागातले बरेच जण मला विचारतात. ती फार आवडण्यासारखी गाडी आहे, पण बुटकी आहे आणि क्लचची आहे, आपल्यासाठी नाही.

तर माझे मत असे. डावा गुडघा लक्षात घेता लॉरा बाजूला ठेवावी. झेड४ चा विचार तीन गोष्टी जमल्या तरच करावा: त्रासाच्या सकाळी पाटावरून उठण्याची उंची तिच्या बैठकीच्या मापात बसली पाहिजे, डॉक्टरांनी मानेला हरकत नाही असे सांगितले पाहिजे, आणि कर व दुरुस्ती धरून पैसे पुरले पाहिजेत. तिन्ही जमल्या तर ती जरूर घ्यावी. आपली तीस वर्षांची इच्छा आजारामुळे सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

कोल्हापूरला सकाळी लवकर जावे, आपले सांधे आखडलेले असतानाच. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की इंजिन रात्रभर थंड राहू द्या, आम्ही आल्यावरच सुरू करू. सोबत टेप, टॉर्च आणि घरातले एक माणूस असावे. आधी छत तीनदा उघडून बंद करून पाहावे, मग छत बंद ठेवून कागलपर्यंत जाऊन यावे आणि वाटेत चार वेळा थांबून प्रत्येक वेळी स्वतः उतरून पुन्हा बसावे. त्या दिवशी व्यवहार करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा, कंबर आणि बोटे कशी आहेत ते पाहून मला कळवावे. तेव्हा हरकत वाटली नाही तर मी स्वतः येऊन गाडी खालून तपासून देईन.